टाचदुखी : वाढलेल्या हाडाचा बाऊ नको

सकाळी जाग येते, आपण पलंगावरून पाय खाली सोडतो आणि पहिले पाऊल जमिनीला टेकताच टाचेत खिळा घुसावा तशी कळ उठते. भिंतीचा आधार घेत, चवड्यावर लंगडत न्हाणीघर गाठावे लागते. दहा-वीस पावले चालल्यावर कळ ओसरते आणि चहा होईपर्यंत तिचा विसरही पडतो. दुपारी कार्यालयात तासभर बसून उठले की पुन्हा तोच प्रकार. संध्याकाळी लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून घरी पोहोचेपर्यंत टाच ठणकू लागलेली असते. असे काही महिने जातात. मग कुणाच्या तरी आग्रहावरून क्ष-किरण तपासणी होते आणि अहवालात दोन शब्द दिसतात : कॅल्केनियल स्पर. घरी येईपर्यंत त्याचे मराठी झालेले असते, 'टाचेचे हाड वाढले आहे.'

खरा त्रास पुष्कळदा या वाक्यापासून सुरू होतो. वाढलेले हाड आपोआप कसे जाणार, ते कापूनच काढावे लागणार, अशी धास्ती मनात बसते. ते आणखी वाढू नये म्हणून सकाळचे फिरणे बंद होते, जिने टाळले जातात. हालचाल कमी झाल्याने वजन वाढते, मधुमेह असेल तर रक्तातील साखर वर जाते आणि वाढलेल्या वजनाचा भार पुन्हा त्याच टाचेवर पडतो. याउलट काही जण, विशेषतः गृहिणी, 'वय झाले, चालायचेच' असे म्हणून वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात. दोन्ही टोकांमागे एकच गैरसमज आहे. टाचदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत दुखणे त्या वाढलेल्या हाडाचे नसतेच.

हाड नव्हे, तळव्याचा पट्टा

आपल्या प्रत्येक पावलात २६ हाडे असतात. त्यांतील सर्वांत मोठे हाड टाचेचे. या हाडाच्या खालच्या बाजूपासून निघून बोटांच्या मुळापर्यंत पसरलेला एक चिवट, तंतुमय पट्टा तळव्यात असतो. वैद्यकीय भाषेत त्याला 'प्लांटर फॅशिया' म्हणतात. तळव्याची कमान धरून ठेवण्याचे काम हा पट्टा करतो. धनुष्याच्या दोन टोकांना दोरी बांधलेली असते तसाच हा प्रकार. आपण पाऊल उचलताना टाच वर येते, बोटे मागे वाकतात, पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळल्यासारखा ताणला जातो आणि कमान घट्ट होते. त्या घट्टपणामुळेच पाऊल पुढे रेटता येते. रहाटावर दोर गुंडाळला जावा तशी ही क्रिया असल्याचे हिक्स या संशोधकाने १९५४ साली दाखवून दिले.

चालताना शरीराच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा अधिक भार दर पावलाला टाचेवर येतो, धावताना तो दुप्पट-तिप्पट होतो. दिवसाकाठी काही हजार पावले टाकली जातात. हा ताण सोसण्याची पट्ट्याची एक मर्यादा आहे. ती रोज ओलांडली गेली की पट्टा टाचेच्या हाडाला जेथे जोडलेला असतो तेथे त्याचे तंतू झिजू लागतात, सूक्ष्म चिरा पडतात आणि त्या भरून येण्याआधीच नव्या पडतात. याच दुखण्याला 'प्लांटर फॅशिआयटिस' म्हणतात. नावातील 'आयटिस' हा प्रत्यय दाह सुचवतो. परंतु जुनाट रुग्णांच्या पट्ट्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दाहापेक्षा तंतूंची झीज प्रामुख्याने आढळली. हा फरक केवळ शब्दांचा नाही. दाह औषधाने शमवता येतो, झीज भरून येण्यास मात्र वेळ द्यावा लागतो. टाचदुखीवर वेदनाशामक गोळी तात्पुरती का ठरते, याचे उत्तर येथे मिळते.

सकाळच्या पहिल्या पावलाचे कोडेही यातूनच उलगडते. झोपेत पाऊल सैल, खाली झुकलेले असते, पट्टा आखडतो. जाग आल्यावर शरीराचा सगळा भार एकदम त्याच्यावर पडतो आणि आखडलेला पट्टा झटक्याने ताणला जातो. थोडे चालल्यावर तो सैलावतो, म्हणून कळ कमी होते. बराच वेळ बसून उठल्यावरही हेच घडते.

मग वाढलेले हाड कशाचे?

राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०० साली, प्लेटनर या जर्मन डॉक्टरांनी टाचेच्या हाडाला खालून फुटलेल्या या अंकुराचे वर्णन केले आणि त्याला घोडेस्वाराच्या बुटाला लावतात त्या आरीचे नाव दिले. इंग्रजीतील 'स्पर' तो हाच. टाच दुखणाऱ्याच्या छायाचित्रात काटा दिसला म्हणजे काट्यामुळेच टाच दुखत असणार, हा निष्कर्ष त्या काळी स्वाभाविक होता. पुढे न दुखणाऱ्या टाचांचीही छायाचित्रे निघू लागली, तेव्हा तसलाच काटा त्यांतही सापडू लागला.

अमेरिकेतील अस्थिरोग शल्यचिकित्सकांच्या अकादमीने रुग्णांसाठी दिलेल्या माहितीत हे प्रमाण स्पष्ट केले आहे. सुमारे दहांतील एका माणसाच्या टाचेला असा अंकुर असतो, आणि अंकुर असलेल्या वीस जणांपैकी केवळ एकाला पायाचे दुखणे असते. दुसऱ्या बाजूने, टाच दुखणाऱ्या अनेकांच्या छायाचित्रात अंकुराचा मागमूसही नसतो. चित्रात तो टोकदार दिसतो, मात्र तो जमिनीच्या दिशेने मांसात घुसत नाही. त्याचे टोक पुढे, बोटांच्या दिशेने असते. वर्षानुवर्षे पडलेल्या भाराला हाडाने दिलेला तो प्रतिसाद असतो. वय आणि वजन वाढते तसे त्याचे प्रमाणही वाढते. केसांत चांदी दिसू लागावी, तसे.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की, उपचारांनी टाचदुखी पूर्ण बरी झालेल्या माणसाचे पुन्हा छायाचित्र काढले तर अंकुर होता तेथेच दिसेल. तो न काढताही दुखणे जाते.

टाचदुखी नेमकी हीच, हे कसे ओळखावे?

या दुखण्याची लक्षणे इतकी ठरलेली असतात की अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा रुग्णाचे बोलणे ऐकून आणि टाच दाबून पाहूनच निदान करतात. पुढील गोष्टी स्वतःशी ताडून पाहाव्यात :

* सकाळच्या पहिल्या काही पावलांना सर्वांत तीव्र कळ येते आणि चालल्यावर ती कमी होते.
* बराच वेळ बसून उठल्यावर कळ परत येते.
* दिवसभर उभे राहिल्यावर किंवा खूप चालल्यावर संध्याकाळी टाच ठणकते. व्यायाम करताना दुखणे फारसे जाणवत नाही, संपल्यावर जाणवते.
* दुखरी जागा टाचेच्या खाली, थोडी पुढे आणि आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या अंगाला असते. अंगठ्याने दाबल्यास ती एका बिंदूत सापडते.
* हाताने पायाची बोटे वर ओढून धरली आणि त्याच बिंदूवर दाबले तर दुखणे वाढते.

लक्षणे अशी स्पष्ट असतील तर क्ष-किरण तपासणीची सुरुवातीला सहसा गरज नसते. ती करतात ती अस्थिभंगासारखी अन्य कारणे नाहीत ना, याची खात्री करण्यासाठी. शंका राहिल्यास सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी मोजता येते. ती चार मिलिमीटरहून अधिक भरली तर निदानाला पुष्टी मिळते.

उभ्याने जगणाऱ्यांचे दुखणे

टाचदुखी साधारणतः ४० ते ६० या वयात सर्वाधिक आढळते. २००३ सालच्याच आणखी एका अमेरिकी अभ्यासात तीन गोष्टींचा तिच्याशी ठळक संबंध दिसला. घोटा पुरेसा वर न वळणे, म्हणजेच पोटऱ्या आखडलेल्या असणे, ही पहिली. स्थूलता ही दुसरी आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर उभे राहण्यात जाणे ही तिसरी.

ही तिसरी गोष्ट शहरी वाचकाने आपल्या भोवताली पाहावी. चौकातला वाहतूक पोलीस, बसचा वाहक, वर्गात पाच-सहा तास उभी असणारी शिक्षिका, रुग्णालयातील परिचारिका, साड्यांच्या दुकानातला विक्रेता, केशकर्तनालयातला कारागीर या सर्वांचा रोजगार टाचेवर उभा असतो. इंग्रजीत या दुखण्याला पूर्वी 'पोलीसमन्स हील' असेच म्हणत. या यादीत न येणारे, पण सर्वांत मोठे नाव गृहिणीचे. स्वयंपाकघरातील ओट्यापाशी सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास ती उभी असते, तेही टणक, गुळगुळीत फरशीवर आणि अनवाणी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वावरणारी टाच आणि काँक्रीटवर बसवलेल्या टाइल्सवर वावरणारी टाच यांत फरक आहे. जमीन धक्का शोषून घेत होती, टाइल तो परत पाठवते.

अचानक वाढवलेले श्रम हेही एक मोठे कारण. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यापासून धावण्याची आवड शहरात रुजली. वर्षभर बैठे काम करून थंडीच्या तोंडावर एकदम दहा-दहा किलोमीटर धावू लागणाऱ्याच्या पोटऱ्या आणि तळवे त्या वेगाने तयार होत नाहीत. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पायी कापले जाते. त्यात आता शहरी नोकरदारही मोठ्या संख्येने असतात. त्यांनी निदान दोन महिने आधीपासून रोजचे चालणे थोडे थोडे वाढवत न्यावे. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत करणाऱ्यांनीही, टाच आधीच दुखरी असेल तर, व्रताचे स्वरूप बदलण्याचा विचार करावा.

घरी करावयाचे उपाय

टाचदुखीच्या दहापैकी आठ-नऊ रुग्णांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो. अट एकच, धीराची. उतार पडू लागण्यास काही आठवडे लागतात आणि पूर्ण बरे होण्यास सहा महिने ते वर्षही लागू शकते. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून उपाय सोडून देणे ही सर्वाधिक होणारी चूक आहे.

तळव्याचा ताण : हा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा व्यायाम. अंथरुणातून उठण्यापूर्वीच, पलंगाच्या कडेला बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवावा. हाताने बोटे मुळापासून धरून नडगीकडे ओढावीत. तळव्यात दोरीसारखा ताठ झालेला पट्टा दुसऱ्या हाताच्या बोटांना लागला की ताण योग्य बसला असे समजावे. दहा आकडे मोजेपर्यंत धरून सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली वेळ मात्र पहिल्या पावलाआधीचीच हवी. जुनाट टाचदुखीच्या १०१ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ पोटरी ताणण्याच्या नेहमीच्या व्यायामापेक्षा या व्यायामाचा गुण आठ आठवड्यांत अधिक दिसला होता.

पोटरीचा ताण : भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हात भिंतीला टेकावेत. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुकावे. मागच्या पोटरीत ताण जाणवला की अर्धा मिनिट थांबावे. तीन वेळा करावे. पोटरीचे स्नायू ज्या जाड कंडरेने टाचेला मागून जोडलेले असतात तिचा आखडलेपणा याने कमी होतो आणि तळव्याच्या पट्ट्यावरचा भार हलका होतो.

बळकटीचा व्यायाम : सुरुवातीची तीव्र कळ ओसरल्यावर हा सुरू करावा. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांअखेर, केवळ ताण देणाऱ्या गटापेक्षा हा व्यायाम करणाऱ्या गटाचे दुखणे अधिक कमी झाले होते. वर्षअखेर मात्र दोन्ही गट बरोबरीला आले. म्हणजे याचा लाभ गुण लवकर येण्यात आहे. पंचाची किंवा टॉवेलची गुंडाळी करून ती पायरीवर ठेवावी. बोटे गुंडाळीवर, टाच पायरीबाहेर अधांतरी. कठड्याला धरून एका पायावर टाच सावकाश वर न्यावी, तीन आकडे मोजत. दोन आकडे वर थांबावे आणि तीन आकडे मोजत खाली यावे. दमेपर्यंत, साधारण बारा वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर करावा. तोल जाण्याची भीती असलेल्या ज्येष्ठांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच तो करणे बरे.

बर्फ : प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती जमिनीवर ठेवावी आणि खुर्चीवर बसून तळव्याखाली दहा-पंधरा मिनिटे फिरवावी. पायात पातळ मोजा असावा, बर्फ थेट त्वचेला लावू नये. संध्याकाळच्या ठणक्यावर हा उपाय विशेष उपयोगी पडतो.

विश्रांती, पण बेताची : दुखणे वाढवणारे धावणे, उड्या मारणे, दोरीवरच्या उड्या काही काळ बंद ठेवाव्यात. चालणे पूर्ण थांबवू नये, एका दमात चालायचे अंतर तोडून तोडून चालावे. ज्यांना व्यायाम सोडायचा नाही त्यांच्यासाठी पोहणे किंवा सायकल हा चांगला पर्याय. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याला पर्याय नाही.

चप्पल कोणती, कोठे?

दुखऱ्या टाचेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पातळ, सपाट तळाची चप्पल आणि अनवाणी चालणे. पावसाळ्यात शहरभर दिसणाऱ्या रबरी-प्लास्टिकच्या सपाट चपला आणि कडक तळाच्या कोल्हापुरी वहाणा दुखण्याच्या काळात बाजूला ठेवाव्यात. बूट किंवा सँडल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. टाचेकडची बाजू पुढच्या भागापेक्षा थोडी उंच असावी. मागची बाजू टाचेला घट्ट धरणारी असावी. बूट दोन्ही हातांनी दुमडल्यास तो बोटांपाशी वाकावा, मधोमध वाकणारा बूट कमानीला आधार देत नाही. धावण्याचे बूट वरून नवे दिसले तरी काहीशे किलोमीटरनंतर त्यांच्या तळातील मऊपणा संपतो, हे धावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे अडचण येते ती घरात. चप्पल उंबऱ्याबाहेर काढण्याची आपली रीत स्वच्छतेची आहे आणि ती मोडण्याची गरजही नाही. केवळ घरात वापरण्याची, बाहेर कधीही न नेलेली मऊ तळाची वेगळी जोडी ठेवावी आणि देवघरापाशी ती काढावी. पलंगाजवळच ती असली तर सकाळचे पहिले पाऊलही तिच्यातच पडेल. ओट्यापाशी जाड रबरी पायपोस किंवा दुहेरी सतरंजी अंथरावी. भाजी निवडणे, चिरणे, कणीक मळणे ही कामे उंच स्टुलावर किंवा टेबलापाशी बसून करता येतात. बारीकशा वाटणाऱ्या या बदलांनी दिवसातले दोन तास टाचेवरून उतरतात.

बुटात घालायच्या सिलिकॉनच्या टाचपट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. त्यांनी काहींना आराम पडतो. कमानीला आधार देणारे तयार तळवेही पहिल्या काही महिन्यांत उपयोगी ठरतात. पायाचे माप घेऊन बनवलेले महागडे तळवे त्यांच्याहून वरचढ ठरतातच असे नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आढळला. त्यामुळे आधी साधा तळवा वापरून पाहावा.

समज आणि गैरसमज

'कॅल्शियम कमी झाले म्हणून हाड वाढले' आणि 'कॅल्शियम जास्त झाले म्हणून साठले' अशी परस्परविरोधी वाक्ये एकाच घरात ऐकू येतात. दोन्हींत तथ्य नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन टाचदुखी जात नाही आणि दूध बंद करून अंकुर विरघळत नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा कोणताही काढा हाडाचा अंकुर वितळवू शकत नाही.

तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याचा उपाय आजही घरोघरी होतो. उबेने आखडलेला भाग काही वेळ सैलावतो, म्हणून बरे वाटते. ती ऊब गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळते. मात्र रुईचा चीक त्वचेला झोंबतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो. मधुमेही व्यक्तीने तर विटेच्या वाटेला जाऊच नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पाय भाजल्याचे कळत नाही आणि त्या जखमेतून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

टाचेच्या दुखण्याची नोंद आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 'वातकंटक' नावाच्या विकाराचे वर्णन येते आणि पाऊल विषम पडणे हे त्याचे कारण सांगितले आहे. दुखण्याचे मूळ चालीत शोधण्याची ती दृष्टी आजच्या समजुतीशीही जुळते.

डॉक्टर काय करू शकतात?

सहा आठवडे नेमाने व्यायाम आणि पादत्राणांतील बदल करूनही उतार पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वेदनाशामक गोळ्या त्यांच्या सल्ल्याने, थोड्या दिवसांपुरत्याच घ्याव्यात. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी त्या परस्पर घेणे धोक्याचे आहे. तळव्याला चिकटपट्टीचा आधार देणे आणि रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारी पट्टी बांधणे या उपायांनी सकाळची कळ कमी होऊ शकते.

स्टिरॉइडचे इंजेक्शन हा झटपट आरामाचा मार्ग म्हणून अनेकांना मोह घालतो. त्याने दुखणे कमी होते, पण मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांपुरते. इंजेक्शने वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालील चरबीची नैसर्गिक गादी विरळ होण्याचा धोका असतो. ती गादी परत तयार होत नाही. म्हणून 'दुखले की एक घेऊन टाकू' हा विचार घातक आहे. जुनाट दुखण्यात शॉकवेव्ह, म्हणजे ध्वनिलहरींच्या आघातांचा उपचारही वापरतात. रुग्णाच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव टोचण्याची पद्धत अलीकडे प्रचारात आली आहे. तिच्याबाबतचे अभ्यास एकमुखी नाहीत आणि खर्च मोठा आहे, तेव्हा ती स्वीकारण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे.

सहा महिने ते वर्षभर हे सारे करूनही चालणे अवघड राहिले तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तिच्यातही मुख्य भर पट्ट्याचा काही भाग सैल करण्यावर असतो. पट्टा गरजेपेक्षा अधिक कापला गेला तर कमान खचू शकते. पहिल्याच भेटीत, केवळ छायाचित्रातील अंकुर दाखवून 'हाड काढून टाकू' असे कुणी सुचवले तर रुग्णाने घाई करू नये. 'दुखणे पट्ट्याचे असेल तर हाड काढून काय साधेल?' हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

येथे मात्र विलंब नको

प्रत्येक टाचदुखी ही पट्ट्याचीच असते असे नाही. पुढील लक्षणे असतील तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना भेटावे :

* टाचेत विश्रांतीतही किंवा रात्री झोपमोड होण्याइतके दुखणे, सोबत ताप किंवा वजन घटणे.
* पडल्यावर किंवा अचानक श्रम वाढल्यावर सुरू झालेले, दर पावलागणिक वाढत जाणारे दुखणे. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यास कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.
* तळव्यात जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस दबल्यास असे होते.
* तरुण वयात दोन्ही टाचा दुखणे आणि सकाळी कंबर-पाठ तासभर ताठरलेली राहणे. मणक्याच्या संधिवाताची ही सुरुवात असू शकते, तिचे निदान जितके लवकर तितके चांगले.
* टाच लाल, गरम, सुजलेली असणे.
* चालताना तळव्यात 'कट' असा आवाज होऊन एकाएकी तीव्र वेदना आणि काळेनिळे पडणे. पट्टा तुटल्याची ही खूण आहे.
* मधुमेह असताना टाचेवर भेग, जखम किंवा रंगबदल.

साधारण आठ ते चौदा वयाच्या खेळाडू मुलांची टाच मागच्या बाजूने दुखते ती वेगळ्या कारणाने. त्यांच्या टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि त्या जागेवर ताण येतो. काही आठवडे खेळ कमी केल्यास ते दुखणे बहुधा थांबते. 'ढोंग करतो' म्हणून त्याला मैदानावर पिटाळू नये.

टाच ही तक्रार न करता भार वाहणारी आहे. ती कुरकुरू लागली की तिच्या हाडाच्या छायाचित्राकडे पाहून घाबरण्यापेक्षा आपण किती तास उभे असतो, कशावर उभे असतो आणि पायांत काय घालतो, याचा हिशेब मांडावा. उद्या सकाळी जाग आल्यावर लगेच उभे राहू नका. पलंगाच्या कडेला बसून पायाची बोटे हाती धरा, दहा आकडे मोजा, आणि मगच दिवसाचे पहिले पाऊल टाका.